‘ही वेळ नाही’ असं कुणी म्हटलं तर

(चळवळीच्या युवा अभ्यास शिबिरात झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय आहे ‘उगवती महासत्ता : घरच्या गरजा आणि सीमेची सुरक्षा’. विषय मोठा आहे आणि मी त्यातला तज्ज्ञ नाही. मी इंजिनिअरिंग शिकलो, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यामुळे सुरुवात माझ्या पगाराच्या स्लिपपासून करतो. तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी आज रात्री आपापली स्लिप काढून बघा.

त्यात दोन कपाती दिसतील. एक आयकराची. तो पैसा दिल्लीला जातो आणि त्यातला काही भाग सीमेवर पोचतो. दुसरी कपात अगदी बारीक असते, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले अडीच हजार. हा व्यवसाय कर. मी नोकरीला लागलो तेव्हा अनेक वर्षं ही कपात कशाची आहे हे विचारलंसुद्धा नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा कर १९७५ साली महाराष्ट्रानं बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम. एकाच कागदावर या दोन ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. एक ओळ सीमेची, एक ओळ भुकेची. आजचं भाषण या दोन ओळींबद्दल आहे.

पण त्याआधी एक गोष्ट कबूल करतो. २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामनंतर ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, त्या दिवसांत ऑफिसच्या ग्रुपवर संरक्षण खर्चाची चर्चा चालली होती. कुणी म्हणत होतं, शाळा-बिळा राहू द्यात, आधी सगळा पैसा सैन्याला द्या. मी उत्तर टाइप केलं. त्यात सैन्याच्या विरोधात एक शब्द नव्हता. फक्त आकडे होते. तेवढ्यात अम्मीचा फोन आला. ‘बेटा, कुठल्या ग्रुपवर काही लिहू नकोस हां. ही वेळ नाही.’ मी ते उत्तर पुसून टाकलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या कुलकर्णीनं जवळपास तेच लिहिलं आणि त्याच्याशी लोकांनी वाद घातला, एवढंच. त्याच्याशी वाद झाला असता, माझ्यावर संशय आला असता. निदान मला तसं वाटलं. मी गप्प बसलो याची रुखरुख आजही आहे. म्हणून ‘ही वेळ नाही’ या तीन शब्दांबद्दल मला आज बोलायचं आहे.

तीन वर्षं, तीन धडे

पहिलं वर्ष १९६२. पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांत देशाचं लक्ष धरणं, पोलाद, कारखाने यांच्याकडे होतं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. नुकताच स्वतंत्र झालेला, उपाशी देश होता. संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण दोन टक्के खर्च होत होता. २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला तेव्हा आपले जवान बर्फात पुरेशा गरम कपड्यांशिवाय, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन उभे होते. महिन्याभरात आपण हरलो. कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. पुढच्या वर्षभरात संरक्षणाचा खर्च चार टक्क्यांच्या आसपास गेला. मोरारजी देसाईंनी सक्तीची बचत योजना आणली, सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. देशभर हजारो सोनार बेकार झाले. १९६२ चा धडा सरळ आहे. सीमेकडे दुर्लक्ष केलं तर त्याची किंमत शेवटी घरातच वसूल होते, आणि ती बहुतेक वेळा कारागिराकडून होते. सैन्याला पैसा का लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वर्ष विसरू नये.

दुसरं वर्ष १९६५, आणि त्याला जोडून १९६६. पाकिस्तानशी युद्ध झालं. सैन्य चांगलं लढलं. पण त्याच वेळी पाऊस रुसला, लागोपाठ दोन वर्षं. देश अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हावर जगत होता. युद्ध सुरू होताच अमेरिकेनं मदत रोखली आणि नंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन गव्हाची बोटं थोडी थोडी, आपलं वागणं बघून सोडू लागले. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. ‘जय जवान’च्या शेजारी ‘जय किसान’ आलं ते सभेत टाळ्या मिळाव्यात म्हणून नव्हे. शास्त्रीजींना दिसलं होतं की ज्याचं धान्य दुसऱ्याच्या गोदामात आहे त्याच्या रणगाड्याची किल्लीही दुसऱ्याच्याच हातात असते.

मग काय केलं? सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री होते. स्वामिनाथन आणि बोरलॉग यांच्या कामाच्या बळावर १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. दोन वर्षांत गव्हाचं पीक सुमारे १.७ कोटी टनांवर गेलं. हा निर्णय शेतीचा होता, पण त्या दशकातला तो सुरक्षेचाही फार मोठा निर्णय होता. १९७१ मध्ये अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं तेव्हा आपण डगमगलो नाही. त्यामागे सोव्हिएत करार होता, सैन्य होतं, आणि भरलेली कोठारंही होती. हरितक्रांतीनं पुढे जमिनीचे, पाण्याचे प्रश्न उभे केले हे मला माहीत आहे. पण सध्या माझा मुद्दा एवढाच आहे : घरची गरज आणि बाहेरची सुरक्षा ही तराजूची दोन पारडी नाहीत. कधी कधी ती एकच गोष्ट असते.

तिसरं वर्ष १९७२. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विजय. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. लाल मिलोच्या भाकरी आणि खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. जगज्जेत्याच्या थाटात वावरणाऱ्या देशात लोक खडी फोडत होते. तेव्हाही म्हणता आलं असतं की आत्ताच युद्ध झालंय, तिजोरी रिकामी आहे, ही वेळ नाही. महाराष्ट्रानं तसं म्हटलं नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना सरकारनं आणि विरोधकांनी मिळून पुढे नेली. त्यासाठी शहरी पगारदारावर कर बसवला. १९७७ मध्ये कायदा झाला. पुढे २००५ चा देशव्यापी कायदा याच वाटेनं आला. माझ्या स्लिपवरचे २०० रुपये म्हणजे तो निर्णय.

आजचा हिशोब

आता अलीकडचे आकडे. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटी रुपयांचा होता. एवढी शून्यं डोक्यात बसत नाहीत, म्हणून ते शंभर रुपये आहेत असं धरू.

त्या शंभरातले सुमारे २५ रुपये जुन्या कर्जाच्या व्याजात जात होते. साडेतेरा रुपये संरक्षण मंत्रालयाला, म्हणजे ६.८१ लाख कोटी. शिक्षण मंत्रालयाला अडीच रुपये. आरोग्य मंत्रालयाला दोन रुपयांना थोडे कमी. आणि अल्पसंख्याक मंत्रालयाला, जरा कान देऊन ऐका, सुमारे सात पैसे. ३,३५० कोटी.

इथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर मीही ऑफिसच्या ग्रुपसारखाच बोलेन. पहिली : शाळा आणि दवाखाने हे मुख्यतः राज्यांचं काम आहे, त्यामुळे केंद्राचे अडीच रुपये म्हणजे देशाचा सगळा शिक्षणखर्च नव्हे. संरक्षण मात्र पूर्ण केंद्राचं. दुसरी : राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना केली तर आपला संरक्षण खर्च त्या वर्षी दोन टक्क्यांच्या थोडा आतच होता. १९६३ नंतर तो याच्या दुप्पट होता. म्हणजे सैन्य सगळं गिळून बसलंय, ही ओरड खरी नाही.

आणि तरीही शिक्षणावर सहा टक्के खर्च करा हे कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणानं पुन्हा तेच सांगितलं, आणि आपण तिथे पोचलेलो नाही. आरोग्यावर सरकारी खर्च २०२५ पर्यंत अडीच टक्के करू असं २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या ऐन काळात, तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी आजारपणातला शंभरातला जवळपास ४० रुपयांचा खर्च माणसानं स्वतःच्या खिशातून केला.

यातून मला काय दिसतं? शाळेचे पैसे सीमेवर गेले म्हणून शाळा पडकी राहिली, हे खरं नाही. संरक्षणाचा वाटा कमी झाला तेव्हाही शाळेचा वाटा त्या प्रमाणात वाढला नाही. दोन्हींत भांडण लावून दिलं की तिसरे प्रश्न कुणी विचारत नाही. करवसुली कुणाकडून किती होते? कर्ज कशासाठी काढलं? मंजूर झालेला पैसा खर्च का झाला नाही? डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. त्याच वर्षी अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीपर्यंतची शिष्यवृत्ती थांबली. सात पैशांच्या खात्यातून काही दिडक्या वाचवून कुठलं विमान येणार होतं? हा निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद घाला. पण ‘देशाच्या सुरक्षेसाठी त्याग’ हे कारण त्याला चिकटवू नका.

संरक्षणाच्या पैशाकडेही जरा आत जाऊन बघायला हवं. ६.८१ लाख कोटींतले १.८० लाख कोटी नव्या शस्त्रांसाठी आणि साधनांसाठी होते. १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचे. हे निवृत्तिवेतन त्या माणसांच्या हक्काचं आहे, त्यात काटछाट करा असं मी म्हणत नाही. पण बघा, त्याच कारणानं २०२२ मध्ये अग्निपथ आली असं अनेक जाणकार मानतात. चार वर्षं नोकरी, त्यातले एक चतुर्थांश कायम, बाकीचे परत. परत कुठे? साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक माणूस सैन्यात आहे. त्या मुलाला पंचविशीत गावी परत आल्यावर काम लागेल, त्याच्या आईला दवाखाना लागेल, बहिणीला कॉलेज लागेल. सीमेवरचा जवान आणि घरची गरज यांना वेगळं करता येत नाही, कारण जवान त्याच घरातून आलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. महाराष्ट्रातही आकडा तेवढाच, ३५.२. वीस वर्षांनी भरतीच्या मैदानात धावायला हीच मुलं येणार आहेत.

सीमा कुठे असते?

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडले. रॅन्समवेअर. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. कितीतरी दिवस रुग्णांची नोंद हातानं कागदावर चालली. सरकारनं संसदेत कारण सांगितलं ते असं की नेटवर्कचे नीट कप्पे पाडलेले नव्हते. घराला मधे दारंच नसली तर ओसरीतून शिरलेला चोर थेट तिजोरीपर्यंत जातो, तसं.

आता मला सांगा, हा प्रश्न आरोग्य खात्याचा की सुरक्षेचा? तिथे संगणक विभागाला वेळेवर पैसा आणि माणसं देणं हा ‘घरचा’ खर्च. तो टाळला की शत्रूला हिमालय ओलांडावा लागत नाही. मी रोज जे काम करतो त्यात एक गोष्ट शिकलोय : देखभाल पुढे ढकलली की ती नाहीशी होत नाही, व्याजासकट परत येते. आणि परत यायची वेळ ती निवडते, आपण नाही.

२०२१ चा एप्रिल-मे आठवा. ऑक्सिजनसाठी माणसं तडफडत होती. तेव्हा आपल्या नौदलाच्या युद्धनौका बहारीन, कुवेतहून ऑक्सिजन घेऊन आल्या. हवाई दलाच्या विमानांतून रिकामे टँकर नेले गेले. त्या जवानांना सलामच आहे. पण युद्धनौकेला ऑक्सिजन वाहावा लागला याचा अर्थ आपण दवाखान्यांत करायची ती गुंतवणूक वेळेवर केली नव्हती. त्या दिवसांत आपल्यातलेच कितीतरी तरुण सगळ्या धर्मांच्या मृतांच्या अंत्यविधीसाठी राबत होते, हेही तुम्हाला आठवत असेल.

सुरक्षेचा आणखी एक भाग आहे जो अर्थसंकल्पात कुठेच छापला जात नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये गुलमर्गजवळ मोहम्मद दीन नावाच्या तरुण गुराख्याला दोन अनोळखी माणसं भेटली. त्यांनी पैसे देऊ केले, माहिती विचारली. त्यानं जाऊन पोलिसांना सांगितलं, आणि घुसखोरीचा डाव उघडा पडायला सुरुवात झाली. मे १९९९ मध्ये कारगिलच्या बाजूला आपला हरवलेला याक शोधत निघालेल्या ताशी नामग्यालनं डोंगरावर माणसं बघितली आणि सैन्याला कळवलं. एक मुसलमान, एक बौद्ध. मी ही नावं देशभक्तीचं प्रमाणपत्र म्हणून घेत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की उपग्रह आणि रडार यांच्याआधी ज्यानं बघितलं तो साधा माणूस होता, आणि त्याला पोलीस चौकीत जायची भीती वाटली नाही. ही भीती न वाटणं फार स्वस्त आणि फार मोलाचं शस्त्र आहे. ज्या वस्तीतल्या मुलाला पोलीस चौकीची पायरी चढायची धास्ती वाटते, तिथे देशानं हे शस्त्र स्वतःच्या हातानं टाकून दिलेलं असतं.

हे जे देश विसरले त्यांचं काय झालं तेही बघा. पाकिस्ताननं सैन्याला सगळ्याच्या वर बसवलं. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगनं ३०० सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या, तरी सत्ता दिली नाही, बंगाली माणसाचं ऐकलं नाही. देश फुटला तो घरात लोकांना न्याय नाकारल्यामुळे. युद्ध शेवटी आलं. धर्म एक असूनही फुटला, हे आपण मुसलमानांनी विशेष लक्षात ठेवावं. सोव्हिएत संघाकडे एके काळी सुमारे ४० हजार अण्वस्त्रं होती. दुकानांसमोर रांगा होत्या. १९९१ च्या डिसेंबरात तो देश संपला, आणि त्यावर कुणी एक बॉम्बही टाकला नव्हता.

दुसरीकडे चीन. देंग शियाओपिंग यांनी १९८५ मध्ये सैन्यातून दहा लाख माणसं कमी करायची घोषणा केली आणि सेनापतींना थांबायला सांगितलं. आधी अर्थव्यवस्था, मग शस्त्रं. आज त्या देशाचं सैन्य कुठे आहे ते गलवाननंतर सांगायला नको. पण त्याच चीननं शिनजियांगमध्ये आपल्याच विगुर नागरिकांना शत्रू ठरवून पाळत आणि छावण्यांचं राज्य उभं केलं. म्हणून चीनकडून क्रम शिकावा, वागणूक शिकू नये.

आपल्या घरातली ‘वेळ’

मित्रांनो, आतापर्यंत टाळ्या वाजवणं सोपं होतं. आता जरा अवघड बोलतो.

‘बाहेर शत्रू उभा आहे, घरातले प्रश्न नंतर’ हे वाक्य फक्त दिल्लीत बोललं जात नाही. ते आपल्या मोहल्ल्यातही बोललं जातं. समाज संकटात आहे, बुलडोझर येताहेत, झुंडबळी होताहेत, अशा वेळी तलाकचं, मुलींच्या शिक्षणाचं, वारसाहक्काचं काय काढता? ही वेळ नाही. माझ्या मावसबहिणीचं बारावीनंतरचं शिक्षण थांबलं तेव्हा घरात हेच कारण सांगितलं गेलं. माहौल खराब आहे. बाहेरचा धोका खोटा नव्हता. पण त्याची किंमत कुणी भरली? तिनं.

देश जे आपल्याशी करतो असं आपण म्हणतो, तेच आपण आपल्या बायकांशी करतो.

या चळवळीत हे सांगायला मला मोठा आधार आहे. १८ एप्रिल १९६६. मुंबईत हमीद दलवाईंनी सात मुस्लीम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा ही मागणी. ते वर्ष कुठलं ते बघा. युद्ध संपून काही महिनेच झाले होते. शास्त्रीजींचं जानेवारीत ताश्कंदला निधन झालं होतं. दुष्काळ होता, अमेरिकेच्या गव्हावर देश जगत होता, जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन व्हायचं होतं. ‘ही वेळ नाही’ म्हणायला याहून चांगली वेळ सापडली नसती. त्या सात जणी थांबल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. एक्कावन्न वर्षं लागली. त्या ‘योग्य वेळेची’ वाट बघत बसल्या असत्या तर मोजणी सुरूच झाली नसती.

मग करायचं काय?

मी कार्यकर्ता म्हणून नवशिका आहे, त्यामुळे मोठे ठराव मांडत नाही. तीन साधी कामं सुचवतो.

पहिलं, आकडे वाचायला शिका. केंद्राचा, राज्याचा आणि आपल्या महापालिकेचा किंवा पंचायतीचा अर्थसंकल्प. सगळे इंटरनेटवर असतात. आपल्यातल्या पाच-सहा मुलांनी दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक संध्याकाळ बसून आपल्या वॉर्डातल्या शाळेला आणि दवाखान्याला किती मंजूर झालं, मागच्या वर्षी किती खर्चलं, एवढं काढलं तरी खूप झालं. माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा हे इथले ज्येष्ठ शिकवतील.

दुसरं, सुरक्षेच्या चर्चेत बसा, आणि मालकासारखे बसा. दर वेळी कुणी शंका घेतली की आपण अब्दुल हमीदांचं नाव काढतो, ब्रिगेडियर उस्मानांचं काढतो, कलामसाहेबांचं काढतो. ही थोर माणसं आहेत. पण ती आपलं ओळखपत्र म्हणून खिशात ठेवायला जन्मली नव्हती. आयकर मी भरतो, मत मी देतो, उद्या सायबर हल्ला झाला तर ज्या यंत्रणा कोसळतील त्यात माझ्या आईची औषधाची नोंदही असेल. मला प्रश्न विचारायला याहून वेगळा दाखला लागत नाही. १९६२ विसरून सैन्याला नावं ठेवू नका, आणि १९७२ विसरून सैन्याच्या नावाखाली गप्पही बसू नका.

तिसरं, घरात सुरुवात करा. तुमच्या घरात एखादी मुलगी ‘माहौल खराब आहे’ म्हणून थांबली असेल तर तिच्या वडिलांशी, भावाशी बोला. मी मावसबहिणीच्या घरी खूप उशिरा बोललो. आता ती मुक्त विद्यापीठातून बीए करतेय, कडेवर मूल घेऊन. माझं उशिरा बोलणं तिला सहा वर्षांना पडलं.

जाता जाता अम्मीबद्दल. तिच्यावर मी रागावलेलो नाही. तिनं १९९२-९३ ची मुंबई बघितलीय. तिचं ‘ही वेळ नाही’ भीतीतून आलं होतं, माझ्या काळजीतून आलं होतं. आज इथे यायच्या आधी मी तिला फोन करून सांगितलं, अमुक विषयावर बोलणार आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बोल. पण आकडे नीट तपासून बोल.’

तपासलेत. चुकलं असेल तर इथेच दुरुस्त करा.